भट्टीच्या आधी

जऊळका,
१२ नोव्हेंबर २०२३

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

चपला हातात घेऊन जमिनीवर आपटल्या की जो आवाज होतो, तो तू कधी ऐकला आहेस का? एकट्यादुकट्या चपलेचा नव्हे, अख्ख्या मांडवाचा. माझे दोन्ही कान आता जवळजवळ मिटले, पण तो आवाज अजून जसाच्या तसा आत आहे.

शाळेचं गॅदरिंग होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून नाटकाला आले होते. आत मास्तर नटांना मिशा चिकटवत होते आणि डिंक काही केल्या वाळेना, म्हणून हेडमास्तरांनी मला पडद्याबाहेर ढकललं. "म्हण रे भागवत, दवाची कविता." मी म्हणायला लागलो. पहिलं कडवं झालं, दुसऱ्याला मागच्या बाजूने चपला सुरू झाल्या. मला वाटलं, लोक ताल धरून राहिले. मी आनंदाने लय वाढवली. मी जितकी वाढवली तितक्या चपला वाढल्या. शेवटी तुझे आजोबा, आमचे जगदेवदादा, विंगेतून आले आणि मला बखोटीला धरून आत घेऊन गेले.

हे आठवायचं कारण, सूनबाईने तुमचा नाशिकचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि म्हणाली, "बाबा, ज्योत्स्नाच्या बँडवर बाटली फेकली लोकांनी." फोनवर विचारलं असतं, पण फोनमध्ये तुझा आवाज मला पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखा येतो. म्हणून पत्र. मला दुःख वगैरे नंतर होईल, आधी कुतूहल आहे. पैसे भरून आलेला माणूस बाटली फेकतो ती नेमकी केव्हा? गाणं सुरू व्हायच्या आधी, की ऐकून झाल्यावर? आधी तुम्ही गाणार हे त्याला ठाऊक असतं का? आणि सगळेच पाठ फिरवतात, की एखादा तरी तोंड करून उभा असतो?

सवडीने लिही. घाई नाही.

तुझा धाकटा आबा,
भागवत

*

पुणे,
२१ नोव्हेंबर २०२३

प्रिय आबा,

तुमचं पत्र रिहर्सलला घेऊन गेले होते. ऋषिकेशने, आमच्या ड्रमरने, चपलांचा भाग दोनदा वाचायला लावला. म्हणाला, "हे आपले पूर्वज."

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. लोक येतात ते 'भट्टी'साठी. भट्टी हा मोठा बँड आहे, त्यांची गाणी पोरांना तोंडपाठ असतात. त्यांचं सामान लागेपर्यंत, लोक आत येईपर्यंत अर्धा तास कोणीतरी वाजवायचं असतं. ते कोणीतरी म्हणजे आम्ही, 'कोरडवाहू'. पोस्टरवर आमचं नाव खाली, गुटख्याच्या पुडीवरच्या इशाऱ्यापेक्षाही बारीक. त्यामुळे आम्ही स्टेजवर आलो की आधी मोठा जल्लोष होतो, कारण लोकांना वाटतं भट्टी आली. मग चेहरे दिसतात आणि एक लांब "हॅऽऽ" येतं. त्या "हॅ"वर पहिला सूर लावायचा.

मग काही जण पाठ फिरवून मोबाइल बघतात. काही गप्पा मारतात. बाकीचे "भट्टी, भट्टी" असं ओरडतात, तेही आमच्या तालाच्या बरोबर उलट. बाटली रिकामी होती, ऋषिकेशच्या झांजेला लागली आणि नेमकी समेवर वाजली, त्यामुळे तो खूश होता. मला बाटलीचं काही नाही आबा. नाशिकला चार-पाच जण पुढे उभे राहून माझी प्रत्येक ओळ माझ्यामागे वेडावून म्हणत होते. मी ओळ संपवली की लगेच तीच ओळ, नाकातून. लाइट डोळ्यांवर असतात, चेहरे दिसत नाहीत. फक्त आपलाच शब्द घाण होऊन परत येतो. ते मला झोपताना ऐकू येतं.

सहा जानेवारीला अकोल्यात कार्यक्रम आहे. आमचा मॅनेजर म्हणतो, तिथे अर्धा तास धड निभावला तर पुढच्या सगळ्या गावांना भट्टीबरोबर आम्हीच. मी मात्र मनाशी वेगळं ठरवलंय. अकोल्यातही नाशिकसारखं झालं, तर मी गाणं थांबवणार. एका विमा कंपनीत नोकरी तयार आहे. आईबाबांना हे अजून बोलले नाही.

आणि हो, अकोला तुम्हाला जवळ आहे म्हणून सांगते, येऊ नका. घरच्या कोणी ते बघायला नको.

तुमची,
ज्योत्स्ना

*

जऊळका,
३ डिसेंबर २०२३

चि. ज्योत्स्नास आशीर्वाद.

तुझं पत्र मी पारावर नेलं आणि नोकरीचा व येऊ नका हा भाग गाळून आमच्या भजनी मंडळात वाचून दाखवलं. गुलाबसिंग म्हणाला, "भट्टी कायची? वीटभट्टी का?" मी म्हटलं, गाणाऱ्यांची. तो म्हणाला, "मंग बरोबर आहे. भट्टी लागेपर्यंत धूरच खा लागते."

मला एक गोष्ट मात्र उमगत नाही. तुम्ही गाता तेव्हा ते भट्टीवाले असतात कुठे?

आपल्याकडे गुरुवारी चक्री भजन होतं, लहानपणी सुट्टीत आलीस तेव्हा मांडीवर झोपून गेली होतीस. गोल बसायचं. एकाने एक भजन म्हणायचं, मग वीणा शेजारच्याच्या गळ्यात. वीणा फिरत जाते, तसं गाणं फिरत जातं. ज्याची पाळी नसेल त्याला रिकामं बसता येत नाही. गाणाऱ्याची ओळ संपली की बाकीच्यांनी ती उचलून परत म्हणायची. ती झील. मोतीबाईचा गळा आपल्या पंचक्रोशीत पहिला, पण तिची पाळी येईपर्यंत ती रूपलाच्या फाटक्या आवाजाचीसुद्धा झील धरते, आणि अशी धरते की रूपलाला वाटतं आपणच गातो आहोत. झीलवाले नसले तर गाणारा उघड्यावर पडतो. पातळ भाजीसारखा पसरतो.

तेव्हा माझा सरळ प्रश्न, भट्टीचा मुख्य गाणारा तुमची झील धरतो का? त्याने धरली, तर त्याची माणसं काहून ओरडतील?

मी अकोल्याला येण्याचं म्हणशील तर गुडघे कुठे ऐकतात. पण तू काय गातेस ते कळलं पाहिजे. एखादं गाणं लिहून पाठव. शाळेत आम्ही आधी कविता पाठ करायचो आणि अर्थ पुढच्या वर्षी कळायचा. या वयात पुढचं वर्ष गृहीत धरता येत नाही, तरी पाठ करून ठेवतो.

तुझा,
आबा

*

पुणे,
१४ डिसेंबर २०२३

प्रिय आबा,

घाईत लिहितेय. भट्टीचा गायक तेव्हा हॉटेलवर असतो. आमचं गाणं संपत आलं की त्याची गाडी मागच्या गेटने आत येते. झील कसली धरतो, त्याला माझं नावही माहीत नसेल. पण तुमचं ते वाचून मी रात्रभर हसले.

गाणं पाठवते. शेवटी म्हणतो ते आहे, जऊळक्याच्या स्टेशनवरून सुचलेलं. एकच कडवं पाठवतेय, कारण पुढचं मी सारखं बदलते. अकोल्यापर्यंत पक्कं होईल.

आमच्या गावी गाडी थांबते, थांबते नि जाते,
कोण उतरलं बघायाला धूळ तेवढी येते.

बास, एवढंच. या दोन ओळी आम्ही पुन्हा पुन्हा घेतो.

ज्योत्स्ना

*

जऊळका,
८ जानेवारी २०२४

चि. ज्योत्स्नास अनेक अनेक आशीर्वाद.

आता सांगून टाकतो. आम्ही आलो होतो.

तू नको म्हणालीस म्हणून कळवलं नाही. मी, गुलाबसिंग, रूपला आणि मोतीबाई. सूनबाईने मोबाइलवरून तिकिटं काढून दिली. दुपारच्या गाडीने अकोला, तिथून मैदान. गेटवरच्या पोराने मोतीबाईची पानाची चंची उघडून पाहिली आणि रूपलाचे टाळ बाहेर ठेवून घेतले. म्हणाला, धातूची वस्तू चालत नाही. रूपला म्हणे, "मंग ते स्टेजवर काय लाकडाचं वाजवून राह्यले का?"

आम्ही लवकर गेल्यामुळे थेट पुढे कठड्याशी जागा मिळाली. बसायला काही नव्हतं. मोतीबाईने सरळ शाल अंथरली. आमच्या शेजारी एक जण होता, जुनैद नावाचा, रिसोडचा. मोटार वायंडिंगचं दुकान आहे त्याचं. अंगात काळा बनियन, त्यावर भट्टीचं चित्र, आणि तुम्ही स्टेजवर आल्याबरोबर दोन्ही हात तोंडाशी लावून "भट्टी, भट्टी" म्हणून तो असा ओरडायला लागला की मलासुद्धा ऐकू आलं. मी त्याचा हात धरला आणि त्याला कानाशी ओढलं. रागाने नव्हे, मला खरंच विचारायचं होतं.

"बापू, काहून ओरडतं?"

"आबा, रिसोडहून दुकान बंद करून आलो ना. या लोकायचे गाणे जितके लांबतीन तितके आमच्यावाल्याचे कमी होतीन."

"हे बंद झाले म्हणजे ते लवकर येतीन?"

त्याने विचार केला. "नाही. ते टायमावरच येतीन."

"मंग तोपर्यंत काय करतं?"

"ओरडतो," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

ज्योत्स्ना, किती सरळ आहे बघ. मला वाटलं होतं तिथे राक्षस असतील. वाट पाहणारी माणसं आहेत. आमच्या चपलावाल्यांसारखीच.

आणि दुसरी नवलाची गोष्ट. मला तुझं गाणं ऐकू आलं. कानातून नव्हे, बरगड्यांतून. त्या काळ्या पेट्यांसमोर उभा राहिलो आणि शब्द छातीत शिरले. किती वर्षांनी मी गाणं ऐकलं म्हणून सांगू. तुझा आवाज जगदेवदादांसारखा, वर जाताना जरा खरखरतो.

मग शेवटी तुझं स्टेशनचं गाणं आलं. आम्ही पाठच करून आलो होतो. तुझी ओळ संपली की आम्ही झील धरली. आधी आम्ही चौघंच. मला पेट्यांमुळे जरा उशिरा उमगायचं, म्हणून आम्ही अर्ध्या मात्रेने मागे पडत होतो, पण मोतीबाईने सगळ्यांना ओढून नेलं. जुनैद ओरडायचा थांबून आमच्याकडे पाहत राहिला. "हे काय करून राह्यले?" म्हणाला. मोतीबाई म्हणे, "झील धरून राह्यलो. तुले काई काम नसन तर धर." आणि त्याने धरली, बरं का. "धूळ तेवढी येते"ला त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुसरं कडवं सुरू होता होता तू थांबलीस, गिटार खाली ठेवलीस आणि आत गेलीस. तुमची वेळ संपली असणार. आपल्याकडे भजन अर्ध्यावर तोडत नाहीत, पण तिथली पद्धत वेगळी असेल. तुला भेटायला मागे गेलो तर गेटवाल्याने सोडलं नाही. येताना जुनैदच्याच जीपमधून आलो, त्याने जऊळक्याच्या फाट्यावर उतरवून दिलं.

आमची झील तुझ्यापर्यंत पोचली का? तेवढं कळव. मोतीबाई सारखी विचारते.

तुझा,
आबा

*

पुणे,
८ जानेवारी २०२४

प्रिय आबा,

वाईट बातमी आहे, पण तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय.

अकोल्यात मी गाणं अर्ध्यात सोडलं. आधीची सगळी गाणी निभावली होती, ओरडत होते पण निभावली. शेवटी तुमच्या स्टेशनचं गाणं घेतलं. पहिली ओळ म्हटली आणि अगदी पुढून, पायाशी, कोणीतरी तीच ओळ परत म्हणाले. मुद्दाम मागे राहून, म्हाताऱ्यासारखा आवाज काढून. दुसरी ओळ म्हटली, तीही. नाशिकसारखंच, पण जास्त तयारीने. पाठ करून आल्यासारखे. एक बाईसुद्धा होती त्यात. मग एक जाड आवाज मिसळला आणि "धूळ" असं गडगडला. माझे हात थांबले. दुसरं कडवं मी आदल्या दिवशी पक्कं केलं होतं आबा, पहिल्यांदाच म्हणणार होते. तोंड उघडेना. मी गिटार ठेवली आणि निघून आले.

मागून टाळ्या पडल्या. भट्टी येणार म्हणून.

मॅनेजर सरळ भट्टीच्या गाडीकडे निघून गेला, म्हणजे संपलं. मी विमा कंपनीला होकार कळवला आहे. बारा फेब्रुवारीला रुजू.

तुम्ही आला नाहीत हे किती बरं झालं.

ज्योत्स्ना

*

जऊळका,
१६ जानेवारी २०२४

चि. ज्योत्स्ना,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालं असेल, तुझं मला काल मिळालं. आता तुला सगळं कळलंच असेल, तरी मी माझ्या हाताने लिहितो. ती टोळी म्हणजे आम्ही. म्हाताऱ्यासारखा आवाज काढणारा खरोखरचा म्हातारा होता.

नाशिकचं तू मला लिहिलं होतंस. ओळीमागे ओळ म्हणून तुला छळलं, हे मी वाचलं होतं, आणि तरी माझ्या मनात आलं नाही की आमचं तुला तसंच वाटेल. वेडावणं आणि झील धरणं यांत मला इतकं अंतर दिसत होतं की स्टेजवरून ते अंतर दिसत नसेल, हे सुचलंच नाही. तुला आधी सांगितलं असतं तरी भागलं असतं. मला तुला चकित करायचं होतं.

मंडळात वाचून दाखवलं. या वेळी काही गाळलं नाही. गुलाबसिंग उठून गेला. मोतीबाई पुष्कळ वेळ चंचीची नाडी सोडत आणि बांधत बसली. मग म्हणाली, "पोरीले लिहा, आमी तिची थट्टा नाही केली. अन् हेबी लिहा का तिनं गाणं टाकाले नोको होतं. लोक कसेबी म्हणोत, आपलं कडवं आपण पुरं करावं." मी म्हटलं, हे दुसरं कशाला लिहू, ती दुखावली आहे. म्हणे, "लिहा." म्हणून लिहिलं.

नोकरी वाईट नाही. पण ती आमच्यामुळे घेत असशील, तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

आबा

*

पुणे,
२६ जानेवारी २०२४

प्रिय आबा,

तुमचं आधीचं पत्र जिन्यात उभ्याने वाचलं. शालीपर्यंत आले आणि तिथेच पायरीवर बसले. ऋषिकेशला दाखवलं तर तो आधी हसला, मग म्हणाला, "आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा कोरस मिळाला आणि आपण पळून आलो."

मोतीबाईंना सांगा, मी रागावले नाही. खरंच नाही. त्यांचं म्हणणंही बरोबर आहे. तुम्ही सगळे त्या गर्दीत उभे राहिलात, तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचते.

पण खरं सांगू का, त्यामुळे माझा निर्णय बदलत नाही. ऋषिकेश म्हणतोय भट्टीशिवाय करू, छोट्या जागी वाजवू. मी नाही म्हटलंय. तुम्ही माझे आबा आहात, तुम्ही आलात. घरचं माणूस ऐकणारच. माझा प्रश्न निराळा आहे आणि तुम्ही मला इतके प्रश्न विचारलेत तर एक मीही विचारते. त्या मैदानात नात्याबाहेरचं, मंडळाबाहेरचं एक तरी माणूस असेल का, ज्याला कळलं की गाणं अर्धं राहिलं? कळलं, आणि चुकल्याचुकल्यासारखं वाटलं?

माझं मन राखायला काही लिहू नका. तुम्हाला ठाऊक असेल तेच लिहा.

ज्योत्स्ना

*

जऊळका,
४ फेब्रुवारी २०२४

चि. ज्योत्स्नास आशीर्वाद.

तुझा प्रश्न घेऊन आठवडाभर हिंडतो आहे. मन राखायचं असतं तर पहिल्या दिवशीच "हो" लिहून पेटीत टाकलं असतं.

मी पुष्कळ आठवून पाहिलं. तू आत गेलीस तेव्हा मी मागे वळलो होतो. लोक काय करत होते? पुढे सरकत होते. कोणी मोबाइल वर धरला होता, कोणी भेळ खात होता. एक मुलगी आपल्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगत होती, ते तुझ्याबद्दल होतं की भेळेबद्दल, देव जाणे. जुनैदने आमच्याबरोबर दोन ओळी म्हटल्या हे खरं, पण भट्टी आल्यावर तो असा नाचला की मोतीबाईला शाल गुंडाळून बाजूला व्हावं लागलं. जीपमध्येही तो भट्टीचीच गाणी लावून बसला होता. तुझ्याविषयी एक शब्द बोलला नाही. तेव्हा ठाऊक असेल ते लिहायचं तर, पोरी, मला असं एकही माणूस ठाऊक

वाक्य तोडावं लागलं. दारावर कोणीतरी आलं होतं. सूनबाई मळ्यात गेली आहे आणि कडी वाजलेली मला ऐकू येत नाही, पण दार हललेलं दिसलं. उघडलं तर जुनैद. हाताला काळं ग्रीस, बाहेर जीप चालूच ठेवलेली, मागे कोणाची तरी विहिरीवरची मोटार बांधलेली. मला वाटलं जीपमध्ये आमचं काही राहिलं असेल. तो दारातच उभा राहून बोलायला लागला आणि मी त्याला कानाशी ओढलं.

"आबा, फाट्यावर विचारत विचारत आलो. तुमच्या त्या पोरीनं लय डोकं खाल्लं माह्यं."

"काहून रे? काय झालं?"

"ते नाही का गाणं, गाडी थांबते अन् जाते. वायंडिंग करतो तं तेच तोंडात येते. तार गुंडाळली का पयली ओळ, तार गुंडाळली का दुसरी. अन् धुळीपाशी आलो का अटकते. पुढचं येतच नाही. मोबाइलवर पाह्यलं, तिथंबी नाही. बायको म्हणे, तुमी येडे झाले का, एकच ओळ काहून म्हणून राह्यले दिवसभर. पुढं काय आहे ते सांगा, म्हणजे मी मोकळा."

मी म्हटलं, "मले नाही माहीत. तिनं कोणालेच सांगतलं नाही."

"तं विचारा ना तिले. एवढ्या दुरून आलो."

मी त्याला सांगितलं, आत ये, तिलाच पत्र लिहून राहिलो. त्याने जीप बंद केली. आता इथे माझ्यासमोर बसला आहे आणि मी काय लिहितो ते वाकून पाहतो आहे. म्हणतो, उत्तर येईपर्यंत दर रविवारी येईन, मला याच रस्त्याने मोटारी पोचवायच्या असतात.

ज्योत्स्ना, याला काय सांगू?

तुझा,
आबा